दुःखाला बुगीचा ठेका

‘बुगी वुगी’ म्हटलं, की आपल्या पिढीला आठवतो सोनी टीव्हीवरचा जावेद जाफरी. मलाही तोच आठवायचा. परवा-परवापर्यंत!

मग जपानी शिकणाऱ्या एका मैत्रिणीने फर्मान काढलं, एनएचकेची ‘बुगीवुगी’ बघच. जपानमध्ये या मालिका सकाळी आठला लागतात. एपिसोड जेमतेम १५ मिनिटांचा. ऑक्टोबर २०२३ ते मार्च २०२४ या काळात हिचे १२६ भाग झाले. म्हटलं, डबा खाता खाता एक भाग सहज होईल.

खरं सांगायचं तर मला तेव्हा आनंदी असं काहीच बघायचं नव्हतं. बाबांना जाऊन चार महिने झाले होते. घरात गाणं लागत नव्हतं. बंदी कुणी घातली नव्हती. पण स्पीकरकडे हात गेला, की वाटायचं, लोक काय म्हणतील? आईला काय वाटेल?

आणि इथे स्क्रीनवर शुरी नावाची अभिनेत्री स्टेजभर बागडत गात होती, मागे ट्रम्पेट-सॅक्सोफोनची नुसती धमाल! तिची भूमिका जिच्यावर बेतलीय, ती खरी गायिका म्हणजे शिझुको कासागी. तिच्याबद्दल शोधायला बसले आणि डबा तसाच राहिला.

साल १९४७. बॉम्बहल्ल्यांत बेचिराख झालेलं टोकियो अजून सावरलेलं नव्हतं. खायची भ्रांत. युद्धाच्या काळात जॅझ म्हणजे शत्रूचं संगीत, म्हणून कासागीच्या नाचण्या-गाण्यावर पोलिसांचा डोळा. भाऊ युद्धात गेलेला. त्यात मे महिन्यात तिचा प्रियकर टीबीने गेला. ऐन विशीत. लग्न राहूनच गेलं. त्यानंतर काही दिवसांतच तिने मुलीला जन्म दिला.

तिला पुन्हा उभं करणारं गाणं संगीतकार रिओइची हात्तोरींना हवं होतं. एका रात्री लोकलने घरी जाताना डब्याची खडखड आणि डोलणाऱ्या कड्या यांत त्यांना बुगीचे आठ ठोके सापडले. (आपण रोज लोकलला लटकतो, आपल्याला फक्त धक्के सापडतात!) खाली उतरून त्यांनी कॉफी शॉपमध्ये पेपर नॅपकिनवर चाल लिहून काढली. सप्टेंबरमध्ये ‘टोकियो बुगीवुगी’ रेकॉर्ड झालं. ऐकायला स्टुडिओत चक्क अमेरिकन सैनिक जमले होते. कालपर्यंतचे शत्रू! जानेवारी १९४८ मध्ये रेकॉर्ड बाजारात आली आणि अख्ख्या जपानने ठेका धरला.

मी मात्र अडकले मधल्या हिशोबात. मे ते सप्टेंबर. चारच महिने. माझ्याइतकेच.

म्हणजे दुःख संपवून मग गायला उभी राहिली, असं काही झालंच नव्हतं. तान्ह्या मुलीला मेकअप रूममध्ये सांभाळत ती स्टेजवर जायची. दुःख सोबतच होतं. त्याने तिला गायला मनाई केली नव्हती, इतकंच.

बाबा सी. रामचंद्रांचे जबरदस्त फॅन. कासागीने बुगी गायली त्याच १९४७ साली आपल्याकडे अण्णांचा ‘शहनाई’ आला होता, तोही असाच पाश्चात्त्य ठेक्यावर डोलणारा. मग १९५१ मध्ये ‘अलबेला’. बाबांचा ऑल टाइम फेव्हरिट.

त्या रविवारी मी ‘अलबेला’ची गाणी लावली. अगदी हळू आवाजात. आई किचनमधून बाहेर आली. वाटलं, आता ओरडणार.

‘‘आवाज वाढव जरा,’’ ती म्हणाली. ‘‘त्यांना असं हळू लावलेलं आवडायचं नाही.’’