आगाऊ

रबरी शिक्क्याने एखाद्या माणसास खजील करावे, हे वाचकांना चटकन खरे वाटणार नाही. पण आमच्या वाचनालयात नव्या पुस्तकाचे पहिले पान उघडले, की आमची नजर त्या शिक्क्यावरून घाईने पुढे सरकते. चार वर्षांपूर्वी तयार झालेल्या या बोधचिन्हात राजवाडा आहे, वीणा आहे, मोर, समई, उघडे पुस्तक आणि उगवता सूर्य आहे. भोवती कमानीत संस्थेचे सबंध नाव आहे. नाण्याएवढ्या शिक्क्यात हे सारे वैभव उमटते तेव्हा दिसतो तो केवळ एक जांभळा डाग. गेल्या महिन्यात एका लहानग्याने ग्रंथपालांना विचारले, "काका, या पुस्तकावर शाई सांडली का?" आम्ही शेजारीच वर्तमानपत्र वाचीत होतो. ते अंमळ वर धरले.

आम्ही शासकीय शाळेत मुख्याध्यापक. एम. ए. केले मराठीत, आणि हयात गेली हिंदी व संस्कृत शिकविण्यात. मराठीची हौस आम्ही वाचनालयाच्या कार्यकारिणीवर भागवून घेतो. नवे बोधचिन्ह करावयाचे ठरले तेव्हा आमचीच एक जुनी विद्यार्थिनी आम्ही सुचविली. देवळालीकरांनी १९२७ साली इंदुरात चित्रशाळा काढली, बेंद्रे तेथे शिकले, हुसेन यांनीही तेथे धडे घेतले, हे आम्ही भाषणांतून नेहमी अभिमानाने सांगत असतो. त्याच गावातील ही मुलगी उपयोजित कला शिकून स्वतःचा व्यवसाय करीत होती. मानधन पाच हजार रुपये ठरले. तेही काम पसंत पडल्यावर. कोणास पसंत पडल्यावर, हे कोणी विचारले नाही.

तीन आठवड्यांनी तिने एकच आकृती आणली. एका रंगातला ‘ळ’. शिरोरेषेखाली लोंबणारे त्याचे दोन गोल जेथे जुळतात, तेथे तिने खाली किंचित टोक काढले होते. तेवढ्यानेच त्या गोलांची उघड्या पुस्तकाची दोन पाने झाली होती.

"सर, तुम्हीच एकदा वर्गात सांगितलं होतंत," ती म्हणाली, "की मालवीत हा उच्चार आहे, पण शाळेच्या हिंदीत हे अक्षर नाही. म्हणून आपल्या घरांतली मुलं ‘शाळा’ची ‘शाला’ करतात."

आम्हांस ते आठवतही नव्हते.

कार्यकारिणीत प्रथम शांतता पसरली. मग उपाध्यक्ष म्हणाले, "‘ळ’ने मराठीत एक तरी शब्द सुरू होतो का?" कोषाध्यक्षांना ती चष्म्याच्या दुकानाची पाटी वाटली. राजवाडा नाही, तर हे इंदूरचे वाचनालय आहे हे कळावे कसे, असा प्रश्न तिसऱ्यांनी काढला. एका वयोवृद्ध देणगीदारांची सूचना वीणेची होती. त्यांच्या मातोश्री वीणा वाजवीत, आणि त्यांच्याच स्मरणार्थ वाचनकक्ष बांधून दिलेला. त्यांना नाही म्हणणे कोणाच्याच जिभेवर आले नाही. अकरा सभासद, आणि प्रत्येकास आपले काहीतरी त्या एवढ्याशा जागेत हवे होते.

या कामाची जबाबदारी आमच्याकडे होती. ‘आपण सर्वांनी आपापली अडचण सांगावी, उपाय तिच्यावर सोडावा,’ एवढे म्हटले असते तरी भागले असते. पण सर्वांचा मान राखण्याच्या भरात आम्ही खिशातील लाल पेन काढले आणि तिच्याच कागदावर लिहू लागलो: राजवाडा डावीकडे, समई मोठी, रंग उठावदार. ती कागदाकडे बराच वेळ पाहत राहिली.

"सर, सातवीत माझ्या निबंधाच्या वहीवर अशीच लाल शाई असायची."

आम्ही ती स्तुती समजलो! वास्तविक त्या वह्यांत अखेर मुलांचे किती आणि आमचे किती उरत असे, याचा हिशेब आम्ही कधी केलाच नव्हता. ‘हे मला कळले नाही’ असे समासात लिहिणे हे शिक्षकाचे काम. त्या जागी आपले वाक्य घालून देणे ही लुडबूड. तीस वर्षे आम्ही हे दुसरेच अधिक उत्साहाने केले.

पुढे सात वेळा बदल झाले. रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर सूचना जात. सकाळी त्यांच्या उलट सूचना जात. एकदाच तिने ते चिन्ह शिक्क्याएवढे लहान करून आम्हांस दाखविले. त्यावर आमचे उत्तर होते, "छपाई चांगल्या ठिकाणी करून घेऊ." आठव्या खेपेस तिने सारे जसेच्या तसे घालून दिले आणि एवढेच म्हणाली, "स्मरणिकेत माझं नाव घालू नका." धनादेश तिला दोन महिन्यांनी मिळाला.

पुढे पॉल रँड या अमेरिकन संकल्पनकाराची हकीकत वाचनात आली. १९८६ साली स्टीव्ह जॉब्ज यांनी आपल्या ‘नेक्स्ट’ या संगणक कंपनीसाठी त्यांच्याकडून बोधचिन्ह करून घेतले. दोनचार पर्याय दाखवाल का, असे विचारताच रँड यांनी साफ नकार दिला: तुमचा प्रश्न मी सोडवीन, तुम्ही माझे पैसे द्यावेत. त्यांनी एकच चिन्ह दिले, सोबत ते कसे सुचले हे सांगणारी सबंध पुस्तिका दिली, आणि एक लाख डॉलर घेतले. आमची विद्यार्थिनीही एकच चिन्ह घेऊन आली होती. परंतु आम्ही तिचे गुरुजी पडलो. नकार देण्याची सोय तिला नव्हती.

१५ जुलै २०१० रोजी स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह घ्या. डी. उदयकुमार यांनी देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांची सांगड घालून ते केले. आमच्या शाळेतील पाचवीचा मुलगा ते खडूने फळ्यावर काढतो. कुटुंबनियोजनाचा उलटा लाल त्रिकोण तर गावोगावचे रंगारी भिंतींवर रंगवीत आले. आमचे बोधचिन्ह फळ्यावर काढावयाचे झाल्यास तास संपेल.

त्या लहानग्याच्या प्रश्नानंतर आम्ही सुदामानगरात तिच्या कार्यालयात गेलो. ‘तो ‘ळ’ अजून आहे का,’ असे जरा चाचरतच विचारले.

"आहे ना, सर. पण आता कामाची पद्धत ठरलेली आहे." तिने एक छापील कागद पुढे केला. संस्थेतर्फे एकाच व्यक्तीने बोलावे, तिचे नाव लेखी द्यावे. चिन्ह कोठे कोठे आणि किती लहान छापले जाणार, हे आधी सांगावे. काय खटकते ते सांगावे, काय काढावे ते सांगू नये. दुरुस्त्या दोन, तिसरीपासून वेगळा आकार. अर्धे मानधन आगाउ.

शेवटच्या ओळीशी आमचा हात सवयीने खिशाकडे गेला. लाल पेन अर्धे बाहेर आल्यावर लक्षात आले आणि आम्ही थबकलो.

ती हसली. "काय खटकतंय, सर?"

"‘आगाऊ’चा ‘ऊ’ दीर्घ हवा."

"तेवढं करा. आणि कार्यकारिणीला ‘ळ’ मी स्वतः समजावून सांगेन. तुम्ही बोलायचं नाही."

आम्ही ‘ऊ’ दीर्घ केला, खाली सही केली, आणि अर्धी रक्कम स्वतःच्या खिशातून दिली. कार्यकारिणीस हे अजून ठाऊक नाही. वीणेविषयी देणगीदारांशी बोलण्याचे काम मात्र तिने आमच्याकडेच ठेवले आहे. त्यांचे वय आता नव्वदीकडे झुकले आहे. गेल्या रविवारी निघालोही होतो. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत आलो. वाचनकक्षातील त्यांच्या मातोश्रींच्या तसबिरीखाली एक चांगली वीणा ठेवता येईल, असे सुचवावे म्हणतो. या रविवारी पुन्हा जाणार आहोत.