हात वर जातो तेव्हा

‘चेंडूवर नजर ठेव’ हा बॅटरला मिळणारा पहिला सल्ला. तो खोटा नाही, पण सॉफ्टबॉलमध्ये फार अपुरा पडतो. महिलांच्या फास्टपिचमध्ये पिचरची प्लेट ४३ फुटांवर, म्हणजे साधारण १३ मीटरवर असते. पिचर झेपावून पुढे येते, त्यामुळे चेंडू तिच्या कमरेपासून सुटतो तेव्हा जेमतेम ११ मीटर उरतात. ताशी १०५ किलोमीटर वेगाचा चेंडू ते अंतर ०.३८ सेकंदात कापतो. पाहून हलायला सुमारे ०.२ सेकंद जातात, बॅट फिरायला ०.१५ च्या आसपास. चेंडू दिसल्यावर तयारीला लागणाऱ्या बॅटरला उशीर झालेलाच असतो. तयारी जुळवायची ती पिचरच्या हाताशी. २००४ मध्ये सॉफ्टबॉलची पिचर जेनी फिंचने बेसबॉलचे बॅटर अल्बर्ट पुहोल्स आणि माइक पियाझा यांना एका प्रदर्शनीय सामन्यात बाद केलं. बेसबॉलच्या वेगवान चेंडूलाही ०.४ सेकंदच लागतात, तेव्हा घाईची त्यांना सवय होती. खालून येणारा तो हात मात्र त्यांच्या ओळखीचा नव्हता.

यावर हमखास आक्षेप येतो तो चेंजअपचा, म्हणजे मुद्दाम संथ टाकलेल्या चेंडूचा. हात त्याच वेगाने फिरतो आणि चेंडू ताशी ८० ने येतो. मग हातावर विसंबणारा फसणारच की! फसतो, पण हाताबरोबर बॅटही फिरवणारा. पिचरचा हात डोक्यावर जाताना वजन मागच्या पायावर घ्यायचं, तो खाली येताना पुढचा पाय अलगद टेकवायचा, आणि बॅट धरलेले हात मात्र मागेच ठेवायचे. हाताशी जुळते ती एवढी तयारी. बॅट फिरवायची की नाही हे चेंडू ठरवतो. पाय आधीच टेकलेला असला की चेंजअपसाठी ०.१ सेकंद थांबणं जमतं, हवेत असला तर तोलच पुढे जातो. प्रत्येक पिचरची लय निराळी, हेही खरं. पण एकदा सुरू केलेली फेक मध्येच थांबवायला नियमाची मनाई आहे, म्हणून तिची लय वाचता येते. पुढच्या पाळीच्या बॅटरने बाहेर उभं राहून तेच करायचं, नुसती बॅट फिरवत बसायचं नाही. सरावाच्या मशीनला मात्र हातच नसतो. तिथे चेंडू घालणाऱ्याने आधी आपला मोकळा हात गोल फिरवावा आणि तो कमरेशी येताच चेंडू आत सोडावा.