यजमान वेगळाच आहे

दर वर्षी 29 ऑगस्टला बंगळुरूच्या शिवाजीनगरात सेंट मेरीज बॅसिलिकावर ध्वज चढतो आणि पुढचे काही दिवस त्या वस्तीत पाय ठेवायला जागा उरत नाही. भगव्या साड्या नेसलेल्या बाया, खांद्यावर पोरे घेतलेले बाप, रसेल मार्केटाकडून येणारा फुलांचा वास आणि त्यात मिसळलेला वितळत्या मेणाचा. तमिळ, कन्नड, इंग्रजी प्रार्थना एकामागून एक चालू असतात. मरियामातेच्या मूर्तीला साडी नेसवलेली असते. 8 सप्टेंबरला, तिच्या जन्मदिनी, रथ निघतो. त्या रथामागे चालणाऱ्यांत बाप्तिस्मा झालेले किती आणि न झालेले किती, हे कोणी मोजत नाही.

मी नगरकडची, प्रॉटेस्टंट घरातली. आमच्या उपासनेत मूर्ती नाही, रथ नाही. पेटी, तबला आणि ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक एवढाच आमचा थाट. तरी या गर्दीत मला परके वाटत नाही. उलट, कृपा म्हणजे काय हे ज्या दिवसांत मला सर्वांत जवळून दिसते, ते हे दिवस. उन्हात उभी असलेली ही माणसे काही कमावून आलेली नाहीत. कुणाच्या हाती दाखला नाही, पात्रतेचा कागद नाही. मागायचे आहे म्हणून आली आहेत आणि त्यांना आत घेतले जात आहे.

देवाच्या देण्याला माप नसते, हे शुभवर्तमानात फार ठळकपणे येते. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा येशूने दगडी रांजण भरायला सांगितले. रांजण सहा. सगळ्यांचे मिळून पाणी पाचशे लिटरच्या आसपास तरी असेल. एका खेड्यातल्या लग्नाला एवढे कशाला? गरज भागेल इतके देऊन तो थांबला नाही. पाच भाकरी आणि दोन मासळ्या हजारोंना वाढल्यावरही बारा टोपल्या उरल्याच. पण कानाच्या त्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त भावते ती वेगळीच माणसे. द्राक्षारस कुठून आला हे भोजनकारभाऱ्याला कळले नाही. ज्या चाकरांनी पाणी भरले होते त्यांना मात्र ठाऊक होते. ख्रिस्ती माणसाची जागा तिथे आहे असे मला वाटते. पंगतीत वाढणाऱ्याची. अन्न त्याचे नाही, घर त्याचे नाही, बोलावणेही त्याचे नाही. त्याने फक्त वाढायचे, आणि कुणाचे पान रिकामे राहू नये एवढे पाहायचे.

विवेकनगरच्या बाल येशूच्या चर्चमध्ये गुरुवारी हे रोजच्या व्यवहारासारखे घडते. 1971 साली ही भक्ती तिथे एका तंबूत सुरू झाली. आज गुरुवारी त्या रस्त्यावर रिक्षा थांबवायची सोय नसते. एकदा रांगेत माझ्यापुढे कपाळभर कुंकू लावलेली एक बाई होती. दाराशी पोचल्यावर ती अडखळली, आम्ही आत आलो तर चालेल का, असे तिने हळूच विचारले. मेणबत्त्या देणारी म्हातारी एवढेच म्हणाली, “ओळगे बन्नी.” आत या. नाव विचारले नाही, धर्म विचारला नाही. सुवार्ता सांगण्याचे इतके पुरेसे रूप मी क्वचित पाहिले आहे.

या बाबतीत मला पंडिता रमाबाई आठवतात, आणि बंगळुरूत राहायला आल्यापासून जास्तच आठवतात, कारण त्यांचा जन्म या कर्नाटकातला. 1858 साली सह्याद्रीच्या रानात, गंगामूळला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. पुढे घरदार सोडून तीर्थामागून तीर्थ करीत हे कुटुंब दक्षिणेत हिंडले, होते ते सगळे दानधर्मात गेले, आणि 1870 नंतरच्या दुष्काळात आईवडील, बहीण अन्नावाचून गेली. त्या मुलीला देवाच्या दारी किती उपाशी राहता येते ते ठाऊक होते. अशी बाई इंग्लंडात गेली आणि वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी तिला फुलहॅमच्या आश्रमात नेले. जगाने ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळले जात होते. रमाबाईंनी विचारले, हे कशामुळे? उत्तर म्हणून त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट ऐकायला मिळाली. आधी काम दिसले, मग वचन आले. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आणि तरीही पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त अजून मिळायचा होता. त्याला आणखी काही वर्षे लागली. किती प्रामाणिक आहे हे! नाव नोंदले म्हणजे कृपा पोचली, असा हिशेब करणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावे. ती पोचल्यावर काय होते, तेही रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमात दिसते. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पैसा हाती असल्याची वाट त्यांनी पाहिली नाही. उपाशी राहिलेली मुलगी वाढायला उभी राहिली होती.

दुसरे आठवते ते टिळकांचे घर. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर जवळपास पाच वर्षांनी. मधल्या काळातले रडणे, सोवळ्याओवळ्याची ओढाताण, ताटातूट, हे सारे लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या मराठी माणसाला सांगायला नको. लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतः विचार करून, स्वतःच्या पायांनी. त्यांच्या पाच वर्षांच्या दुःखाचे मला ओझे वाटते, पण त्यांच्या स्वतंत्र होकाराचा अभिमानही वाटतो. टिळकांनी अखेरच्या काळात, 1917 साली, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे येशूभक्त बसावेत, ही त्यांची इच्छा. दोन वर्षांत ते गेले, दरबार वाढला नाही. पण ती कल्पना मला आजही पुढची वाटते.

कर्नाटकात 2022 साली धर्मांतराविषयी कायदा झाला, तेव्हा आमच्या ओळखीच्या घरांत नव्या माणसाला प्रार्थनेला बोलवायलाही लोक कचरू लागले. भीती समजते. मात्र कायदा असो वा नसो, सक्ती आणि आमिष ही आमच्याच श्रद्धेशी बेइमानी आहे. जे फुकट मिळाले त्याची किंमत लावायची कशी? आणि धाक दाखवून कुणाला जेवायला बसवता येत नाही. त्याच वेळी दार लावून घेणेही तितकेच मोठे पाप आहे. भाकरी आपल्यापाशी आहे आणि बाहेर कुणी उभे आहे, हे ठाऊक असून गप्प बसणे याला मी नम्रता म्हणणार नाही.

आपल्या मंडळ्यांत दार उघडे असते, बाक मात्र मोकळा नसतो, हे दुखणे जुने आहे. पूर्वाश्रमीची जात आम्ही दाराबाहेर ठेवून आलो नाही. लग्ने जमवताना ती विचारली जाते, दफनभूमीच्या कडेने कुठेकुठे भिंतही दिसते. बाहेरच्याला ‘ये’ म्हणायचे आणि आत आल्यावर त्याला शेवटच्या ओळीत बसवायचे, यात देवाची कृपा कुणाला दिसणार? जो आला तो आपल्याइतकाच आमंत्रित आहे, आणि आपण त्याच्याइतकेच आगंतुक आहोत.

म्हणून माझ्या ख्रिस्ती वाचकांना एक विनंती. येत्या रविवारी तुमच्या बाकावर कुणी नवखे येऊन बसले, तर त्यांचे आडनाव विचारू नका. सरकून जागा द्या, ‘उपासना संगीत’ उघडून गीताचे पान काढून त्यांच्यापुढे धरा, आणि उपासना संपल्यावर त्यांना घरी जेवायला घेऊन जा.