आप्पा, जरा हला ना!

मे महिन्यातली दुपार, सव्वातीनची वेळ. पुण्यात एका मस्त थंडगार ऑफिसात बसून मी एडिटरसाहेबांना स्टोरीची आयडिया विकत होते आणि पर्समध्ये मोबाइल थरथरला. मेसेज होता, ‘हॉल : दोन तास हालचाल नाही.’

हा हॉल इंदापूरचा. गावाबाहेर, उसाच्या कडेला असलेल्या आमच्या घरातला. तिथे आप्पा, म्हणजे माझे वडील, एकटेच राहतात. आईला जाऊन चार वर्षं झाली.

फोन लावला. उचलत नाहीत. परत लावला. पाचव्यांदाही नुसती रिंग गेली तेव्हा मी मीटिंग सोडून जिन्यात आले आणि शेजारच्या वस्तीवरच्या काकूंना फोन केला. काकू बिचाऱ्या भर उन्हात पळत गेल्या. आप्पा आरामखुर्चीत ऐसपैस बसून पेपर वाचत होते! मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला. काकूंच्या फोनवरून त्यांनी एवढंच सांगितलं, “जिता हाय मी. तू काम कर तुझं.”

तुम्ही म्हणाल, एवढं काय घाबरायचं? सांगते. जानेवारीत आप्पा पहाटे बाथरूममध्ये घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. दूधवाला येईपर्यंत दोन तास गार फरशीवर पडून होते. मला कळलं सकाळी दहाला, तेही काकूंकडून. त्या आठवड्यात मी कॅमेरे लावायचं ठरवलं, आणि आप्पांनी एका वाक्यात विषय संपवला. “घर हाय का बँक?”

मग तोडगा निघाला सेन्सरचा. सेन्सर फोटो काढत नाही, फक्त कुणी आहे की नाही ते सांगतो. घरातून जाताना पॅनेल ‘आर्म’ केलं की तोच चोर पकडणार, आणि एरवी रात्री आप्पा उठले की पॅसेजमधला दिवा आपोआप लावणार. म्हणजे नोकर एक आणि मालक दोन. मला तर हे भलतंच आवडलं.

सामान बारामतीहून आणलं, वायरमनही तिथलाच. बाइकच्या मागे केबलचं भेंडोळं बांधून तो वालचंदनगरमार्गे यायचा. (ज्या गावात इस्रोच्या रॉकेटचे भाग बनतात, त्या रस्त्याने माझा दोनशे मीटर केबलचा प्रोजेक्ट येत होता. असो.) प्रत्येक सेन्सरला सहा तारांची केबल. दोन तारा बारा व्होल्टच्या सप्लायच्या, दोन सिग्नलच्या, दोन टॅम्परच्या. टॅम्पर म्हणजे झाकणाखालचं एक चिमुकलं बटण. कुणी झाकण उघडलं की पॅनेल बोंब मारतं. दिवस असो की रात्र, आर्म असो वा नसो.

सिग्नलची जोडी एरवी जोडलेली असते, हालचाल दिसली की सुटते. त्यामुळे चोराने तार कापली तरी सर्किट सुटतं आणि अलार्म होतो. पण चोर हुशार निघाला आणि त्याने दोन तारा सोलून एकमेकींना चिकटवल्या तर? पॅनेल म्हणणार, सगळं छान चाललंय! म्हणून सर्किटमध्ये एक बारीकसा रेझिस्टर टाकतात, आणि तो लावायचा सेन्सरच्या टोकाला. म्हणजे तार तुटली की चिकटली, हे पॅनेलला वेगवेगळं कळतं. आमच्या वायरमनने मात्र सगळे रेझिस्टर पॅनेलच्या डब्यातच बसवले होते. एकदम नीटनेटके, एका रांगेत.

“ताई, समदीकडं असंच बसवतो आपण. कम्प्लेंट न्हाय एक पण.”

मॅन्युअल मी रात्री जागून वाचलं होतं. खुर्चीवर चढून मधल्या जॉइंटला सिग्नलच्या दोन तारा एकत्र पिळल्या आणि आप्पांना सेन्सरसमोर नाचायला लावलं. आप्पा खरंच नाचले. पॅनेल ढिम्म! वायरमन काही बोलला नाही. चहा प्यायला आणि निमूटपणे सगळे रेझिस्टर काढून सेन्सरमध्ये बसवले. मासकॉमच्या डिग्रीचा इतका उपयोग मला आजवर झाला नव्हता.

पॅनेलमध्ये सिमकार्ड आहे आणि लाईट गेली तर बॅटरी, हे ऐकल्यावर आप्पांची कळी खुलली. “म्हंजे मोटारीचा स्टार्टरच की!” आणि ते खरंच होतं. विहिरीवरच्या मोटारीला त्यांनी माझ्या आधी कितीतरी वर्षं मोबाइल स्टार्टर बसवलाय. थ्री फेज रात्री आली तर आप्पा अंथरुणातून फोन लावून मोटार चालू करतात, आणि विहिरीतलं पाणी संपलं की स्टार्टरच त्यांना फोन करतो. बारामतीत तर आता उसाच्या शेतात मातीतला ओलावा मोजणारे सेन्सर आणि एआय आलंय. आणि मी ‘होम ऑटोमेशन’ म्हणून शायनिंग मारत होते!

तर, त्या मे महिन्यातल्या दुपारी नेमकं झालं काय? हे साधे सेन्सर माणूस बघतच नाहीत. ते बघतात उष्णतेतला बदल. आपलं शरीर उष्णता फेकतं. भिंत त्यापेक्षा गार असते, आणि आपण सेन्सरसमोरून आडवे गेलो की त्याला हा फरक सरकताना दिसतो. (म्हणून तो चालण्याच्या वाटेला आडवा लावायचा. समोरून थेट चालत आलं तर त्याला उशिरा कळतं.) पेपर वाचणारा माणूस सरकत नाही. आणि इंदापुरात पारा चाळिशीच्या वर गेला की भिंतच आपल्या कातडीइतकी तापते. मग सेन्सरने फरक शोधायचा तरी कशात? काचेवर बसलेली पाल मात्र त्याला बरोब्बर दिसते. एप्रिलमध्ये दोन रात्री आमच्याकडे चोर म्हणून पालच आली होती.

उपाय म्हणून जूनमध्ये हॉलमध्ये रडार सेन्सर लावला. हा रेडिओलहरी सोडतो आणि छातीचं बारीक वरखाली होणंसुद्धा टिपतो. शांत बसलेला माणूसही सापडतो. झकास! आठवडाभर एकही खोटा मेसेज नाही. मी इतकी निर्धास्त झाले की आप्पा बारामतीला लग्नाला गेले ते मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. अ‍ॅपवर तर दोन्ही दिवस हॉलमध्ये कुणीतरी होतंच.

कोण? पंखा. घाईत चालूच राहिला होता. रडारला पंख्याची पाती म्हणजे जिवंत माणूस वाटली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. खोटी बोंब परवडली, काकूंना उन्हात पळावं लागतं एवढंच. पण आप्पा पुन्हा बाथरूममध्ये पडले असते आणि पंखा मला ‘सगळं ठीक’ सांगत राहिला असता तर? वायरमनला परत बोलावलं. रडार भिंतीवर खाली घेतलं, त्याची पल्ल्याची सेटिंग्ज कमी केली आणि तोंड पंख्याकडून खुर्चीकडे वळवलं. बाथरूमच्या दारावर वेगळा झोन केला. आत गेलेला माणूस अर्ध्या तासात बाहेर आला नाही की मेसेज. आता बरं चाललंय.

म्हणजे तसं मला वाटत होतं. जुलैपासून रात्री साडेनऊच्या सुमाराला नवाच मेसेज यायला लागला. ‘हॉल : टॅम्पर.’ पहिल्यांदा आला तेव्हा मी हातातलं ताट ठेवून फोन लावला. आप्पांनी पहिल्याच रिंगला उचलला. “काय न्हाय गं, झाकान जरा ढिलं वाटलं म्हनून बगितलं. जेवलीस का?” मग उसाची लागण, काकूंचा गुडघा, कुणाचं तरी लग्न, अशा वीस मिनिटं गप्पा झाल्या.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. मी वायरमनला झापलं. तो म्हणाला, “ताई, झाकान एकदम टाइट हाय. टेस्टर घालून उचकल्याबिगर उगडत न्हाय.”

फोनची कॉल हिस्टरी काढून बघितली. मार्चपर्यंत मी आप्पांना रोज रात्री साडेनऊला फोन करत होते. एप्रिलमध्ये पॅनेल बसलं. जूनमध्ये माझे फोन होते तीन.

काल नऊ पंचवीसलाच फोन लावला. आप्पा म्हणाले, “थांब जरा, हातात टेस्टर हाय. ठिवून येतो.”