न पाहिलेली शर्यत

आमच्या नौपाड्यात बर्फ म्हणजे उसाच्या रसाच्या दुकानातला किंवा मासळीबाजारातला. तिसरा बर्फ आम्हांस ठाऊक नव्हता. अशा खाडीकाठच्या गावातून आम्ही दोघे भाऊ 2025 सालच्या फेब्रुवारीत बर्फावरील शर्यत पाहावयास गुलमर्गला निघालो, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तोंडात बोटे घातली. थोरल्याने शिकवण्या करून व धाकट्याने खाऊचे पैसे राखून दोन वर्षांत प्रवासखर्च जमविला होता. वडिलांनी एवढेच विचारले, "पैसे तुमचे खरे, पण वार्षिक परीक्षा कोणाची?" आम्ही खाली मान घातली, पण बेत सोडला नाही. आईने लाडवांचा डबा बांधून दिला आणि प्रश्न मिटला.

ही शर्यत डोंगरावरून नुसते घसरत येण्याची नव्हे. पायांस लांब, अरुंद स्की बांधतात. बुटाचे पुढचे टोक तेवढे अडकविलेले, टाच मोकळी. दोन्ही हातांत काठ्या घेऊन चढ, उतार, सपाटी असे सारे अंतर आपल्याच दमावर कापावयाचे. नॉर्वेत 1932 साली सुरू झालेल्या अशा एका शर्यतीत प्रत्येक स्पर्धक पाठीवर साडेतीन किलोंचे ओझे वाहतो. कारण 1206 साली दोन योद्ध्यांनी एका बाल राजपुत्रास असेच बर्फावरून डोंगरापार नेऊन वाचविले होते. आपल्या देशाचे जगदीश सिंह 2018 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये 15 किलोमीटरच्या शर्यतीत उतरले व त्यांनी ती पुरी केली. त्यांचा क्रमांक 103 वा होता. पण तो आकडा वाचून आमचे मन खट्टू न होता उलट अधिकच ओढले गेले.

'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा भाग 22 फेब्रुवारीस सुरू व्हावयाचा होता. उंचीची सवय व्हावी म्हणून आम्ही काही दिवस आधीच कल्याणला पंजाब मेलमध्ये बसलो. दुसऱ्या दिवशी गाडीतच बातमी कळली: गुलमर्गला पुरेसा बर्फ नाही, सबब स्पर्धा पुढे ढकलल्या आहेत! परतावे तर गावभर हसे, पुढे जावे तर पाहावयाचे काय? दिल्ली येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. अखेर थोरला म्हणाला, "शर्यत नसली तरी जागा तर आहे." मग मोटारीने जम्मू व बनिहाल गाठले. तेथून 11 किलोमीटरांहून लांब अशा बोगद्यातून आगगाडी आम्हांस काश्मीरच्या खोऱ्यात घेऊन गेली. ज्या ठाण्यास 16 एप्रिल 1853 रोजी देशातील पहिली प्रवासी गाडी आली, तेथली मुले आम्ही. तरीही त्या अंधारात आमचे हात एकमेकांच्या हातांत होते, हे कबूल करतो.

गुलमर्गच्या विस्तीर्ण माळावर बर्फाऐवजी ठिकठिकाणी पिवळे गवत दिसत होते. प्रवाशांना लाकडी घसरगाडीवरून ओढून नेणारा एक वृद्ध गृहस्थ रिकामाच बसला होता. आम्ही आपले रडगाणे त्याच्यापुढे गायिले. तो शांतपणे म्हणाला, "बेटा, तुमची एक गंमत बुडाली. आमच्या घरची चूल ह्या बर्फावर पेटते." आम्ही ओशाळलो. आमच्या दुःखाची लांबीरुंदी त्या एका वाक्याने मोजली गेली.

त्यानेच कोठून तरी जुन्या अरुंद स्कींची जोडी मिळवून दिली व देवदारांच्या सावलीत उरलेल्या बर्फाच्या पट्ट्यावर आम्हांस नेले. गुलमर्ग सुमारे 2650 मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या पाऊणपटच भरतो. ह्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तर शर्यतीची वाट 1800 मीटरांहून वर जाऊ नये असे सांगितले आहे. मासुंदा तलावाला रोज पहाटे फेऱ्या घालणारा आमचा थोरला तेथे शंभर पावलांत मटकन खाली बसला. धाकटा सात वेळा पडला. वृद्ध हसून म्हणाला, "आधी श्वास, मग पाय." आम्ही आळीपाळीने हळूहळू चाललो आणि तिसऱ्या खेपेस तो पट्टा न थांबता पार केला. टाळ्या वाजवावयास तो एकटाच होता.

आणखी थांबावयास पैसे नव्हते. आम्ही परतलो, आणि येथेच आमच्या हातून चूक घडली. स्की बांधलेली आमची छायाचित्रे पाहून शेजाऱ्यांनी शर्यत पाहिल्याबद्दल आमचे कौतुक केले, आणि आम्ही गप्प राहिलो. खोटे बोललो नाही. पण खरेही बोललो नाही. वर्गातही तेच झाले. पुढे महिनाअखेरीस गुलमर्गला बर्फ पडला आणि 9 ते 12 मार्चला स्पर्धा पार पडल्या. ती बातमी वाचून खालच्या मजल्यावरचे आजोबा वर आले व चष्म्यावरून पाहत म्हणाले, "काय रे, शर्यत आत्ता झाली म्हणतात; मग तुम्ही कोणती पाहिलीत?"

त्या प्रश्नाने चढावरच्यापेक्षा जास्त दम लागला. आम्ही त्यांस सारे सांगितले. ते रागावले नाहीत. "न पाहिलेल्या शर्यतीची हकीकतच अधिक चांगली आहे की! तीच का नाही सांगितलीत?" एवढेच बोलून ते जिना उतरले. वडील आतून ऐकत होते. ते काहीच बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तलावाकडे निघताना पाहतो तो, तेही चपला घालून दारात उभे!

ज्या वर्गबंधूंना आम्ही तेव्हा खरे सांगितले नाही, त्यांच्यासाठी ही हकीकत येथे लिहिली आहे. बर्फ पडल्याचे कळले तेव्हा शर्यत हुकल्याची हळहळ वाटली, हे खरे. पण त्याआधी मनात आले, की त्या वृद्धाची घसरगाडी आता चालू झाली असेल.