निरं दूध

राहुरी,
रविवार, रात्रीचे नऊ

चि. सोनी,

 

तुझा मंगळवारचा निरोप फोनवर वाचला. उत्तरही फोनवरच द्यायला बसले होते, पण अंगठ्याने एवढं लिहिणं मला झेपत नाही. म्हणून वहीचे कागद फाडले. तू लिहिलंस, "आत्या, बायबल उघडते, चार ओळी वाचते आणि झापड येते. ओढच राहिली नाही. पाळकसाहेब म्हणाले, तान्ह्या बाळासारखी तहान पाहिजे. माझ्यात ती नाही, म्हणजे माझं काहीतरी चुकतंय ना?"

आधी हे सांग, रात्री सलग किती तास झोपतेस? पाच महिन्यांचं लेकरू, त्यात पुढच्या महिन्यात पुन्हा वॉर्डातली ड्यूटी. डोळे मिटत असतील तर ती झोप आहे बाई, तो अविश्वास नव्हे. एलीया झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उठवून भाकर खाऊ घातली, पाणी पाजलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. देवाचं बोलणं त्यानंतर, पार होरेब डोंगरावर.

बाळाच्या बाप्तिस्म्याला साहेबांनी केलेल्या त्या उपदेशाला मीही होते. ज्याने जन्मात कुणाला पाजलं नाही त्याने दुधावर पाऊण तास बोलावं, याचं मला हसू आलं होतं; तुझ्या शेजारी बसले होते म्हणून पदर तोंडाला लावला. माणूस भला आहे, आवाजही गोड आहे. पण त्यांनी पेत्राचं दूध घेतलं आणि पौलाची छडी चालवली. करिंथच्या मंडळीला पौल रागावतो की तुम्ही अजून दुधावरच, तुम्हाला जड अन्न देता आलं नाही. इब्री लोकांस पत्र लिहिणाराही तेच बोलतो. पेत्राच्या पत्रात तो राग नाही. पंत, गलतिया, कप्पदुकिया अशा आजच्या तुर्कस्तानातल्या मुलुखात पांगलेल्या, परक्यासारख्या जगणाऱ्या माणसांना तो लिहितोय. अजून दूधच पिता, असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, हे दूध हवंहवंसं वाटू द्या, याच्यावरच वाढाल. एकच पदार्थ, पण एक जण तो ताटातून काढून घ्यायला बघतो आणि दुसरा पुढे सरकवतो. तुझ्या अंगावर पौलाचं ओरडणं पेत्राच्या नावाने आलं, एवढंच.

आणि त्या ओळीत आपल्या मराठी बायबलात कुठला शब्द आहे बघ. निरं दूध. तुम्हा शहरातल्या पोरांच्या बोलण्यातून हा शब्द गेला. इथे अजून रोज कानावर पडतो. सकाळी साडेसहाला केंद्रावर किटली घेऊन गेलं की आपल्या पुढच्याचा आकडा यंत्रावर उमटतो: फॅट इतकी, एसएनएफ इतकं. कुणाची डिग्री कमी लागली की तो शपथेवर सांगतो, "निरं आहे हो, गायीखालून उचललं आणि आणलं." मागचे सगळे गालात हसतात. मी ग्रीक शिकलेले नाही, पण माझ्याकडच्या टीकाग्रंथात वाचलं की पेत्राने इथे शब्दांचा खेळ केलाय. आदल्या ओळीत तो टाकून द्यायच्या गोष्टी सांगतो, त्यात कपट आहे, ग्रीकमध्ये डोलॉस. आणि लगेच पुढे दुधाला म्हणतो अडोलॉस, म्हणजे ज्यात डोलॉस नाही ते. मनातलं कपट आणि दुधातलं पाणी, दोन्हींना त्याच्याकडे एकच शब्द. आमच्या केंद्रावरच्या मापाड्याला हे फार पटेल.

पण तुझा प्रश्न भेसळीचा नाही, भुकेचा आहे. ओढ ठेवा असं सांगून ओढ लागते का? मला पूर्वी हे कोडंच वाटायचं. मागच्या महिन्यात गोठ्यात त्याचं निम्मं उत्तर मिळालं.

आपली काळी एचएफ रात्री दोनला व्यायली. कालवड झाली, पण अंगाने नाजूक, उभी राहताना पाय फाकायचे. गायीने चाटूनपुसून कोरडी केली, वार पडली, सगळं ठीक. पण ही बया सडाला तोंड लावेना. तोंड धरून कासेशी नेलं तर मान फिरवायची. चीक तासा-दोन तासांत पोटात गेला पाहिजे, रोगाशी लढायचं बळ त्यातूनच येतं. एक दिवस उलटला की तिचं आतडं ते घेतही नाही. तुला नर्सबाईला मी काय सांगावं! म्हणजे गरज तर डोंगराएवढी, आणि भुकेचा पत्ता नाही. मी चीक पितळीत काढला. पिवळाधमक, हळदीचं दूध असावं तसा. दोन बोटं बुडवली आणि तिच्या तोंडात टाळ्याला लावली. काही नाही. पुन्हा बुडवली. चौथ्या-पाचव्या वेळी ती खरखरीत जीभ माझ्या बोटांभोवती वळली आणि तिने असं ओढलं की बोटं सोडवेनात. मग तसाच हात सडापाशी नेला आणि हळूच काढून घेतला. अर्ध्या तासात ती कासेला ढुशा देत होती, शेपूट नुसतं लटलट. गायीनेही तेव्हाच पान्हा सोडला, आधी नाही.

दिवा मालवून घरात आले आणि पेत्राचं ते पान काढलं. इतकी वर्षं मी दुसऱ्या ओळीवर थांबत होते. तिसरीत तो म्हणतो की प्रभू किती चांगला आहे याची चव तुम्ही घेतलीच आहे. चव आधी लागलीय, ओढ त्याच्या मागून. तान्ह्यासारखी तहान असेल तरच या, अशी पाटी त्याने दारावर लावलेली नाही. भूक लागली की वाचू, असं म्हणत तू थांबलीस तर त्या कालवडीसारखी मान फिरवत बसशील, आणि तिच्याकडे आलं तसं तुझ्याकडे कुणी बोट बुडवायला रात्री दोनला येईलच असं नाही.

तू विचारलं नाहीस, तरी माझंही सांगते. तुझे मामा गेले, त्यानंतर पावणेदोन वर्षं मी वचन वाचलं नाही. चर्चला जायची, गाणी म्हणायची, बायांच्या सभेत प्रार्थनाही करायची. तोंडपाठ होतं सगळं. घरचं बायबल रेडिओखाली होतं, रेडिओ डुगडुगू नये म्हणून. भिंतीवर वचनाचं कॅलेंडर आणि टेबलावर ती वचनांची डबी, सकाळी उघडून एक सुरनळी काढायची, वाचायची, परत ठेवायची. तेही वचनच, नाही कशी म्हणू? पण नुसत्या लोणच्यावर जेवण होत नाही. जेवण बंद झालं की भूकही मरते, आणि मेलेल्या भुकेचं वाईट हे की ती दुखत नाही.

मग मळ्यातली म्हातारी यायला लागली. आपल्या मंडळीची नव्हे. जन्मभर शेळ्या-मेंढ्या राखलेली. एकदा माझ्याकडून औषधाच्या बाटलीवरचं वाचून घ्यायला आली आणि रेडिओखालचं पुस्तक बघून म्हणाली, "बाई, हे कशाचं? वाचा की थोडं." नाही कसं म्हणायचं? उघडलं ते लूकचा पंधरावा. हरवलेलं मेंढरू. मी वाचत गेले आणि तिने मध्येच हात वर केला. "थांबा. शंभरातलं एक गेलं, हा हुडकायला गेला. मग नव्याण्णव कुणापाशी ठेवली?" मी म्हटलं, रानात ठेवली असं लिहिलंय. "रानात? एकटी? लांडगा नव्हता का तिकडं?" मी गप्प. शाळेत तीस वर्षं शिकवलं, हा उतारा पन्नासदा ऐकला-ऐकवला, आणि नव्याण्णवांचं काय झालं हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. ती थोडा वेळ पायरीवर नख घासत बसली. मग म्हणाली, "येडाच म्हणायचा गुराखी. पर त्या एकाला बरं वाटलं आसंल." दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला हजर. तोच धडा पुन्हा वाचा म्हणाली. आठ दिवस तोच. नवव्या दिवशी ती आली नाही, तर मीच पुस्तक घेऊन मळ्यात गेले.

पंगतीत बसलं की भूक नसलेल्यालाही दोन घास जातात. मला माझी भूक लागलीच नव्हती, तिची लागली.

गोव्यात फादर स्टीफन्सने १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापलं. त्याच्या सुरुवातीलाच एक नवा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पाद्रीकडे गाऱ्हाणं घालतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला वाचायला काही द्या. आधी ताट ओढून घ्यायचं आणि मग वाढायला बसायचं, यातलं पहिलं काम मला पटत नाही. पण जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ एका भुकेल्याच्या मागणीवर उभा आहे, हे मला त्या म्हातारीमुळे खरं वाटतं.

आता कामाचं. वर्षात पूर्ण बायबल वाचायचा तक्ता तू फ्रिजवर लावलायस, तो काढ. जानेवारीत उत्पत्ती धावत जाते, निर्गमाच्या उत्तरार्धात निवासमंडपाचे पडदे मोजताना दम लागतो आणि लेवीयात सगळ्यांची गाडी रुतते. माझीही तीनदा रुतली. तुझ्या पणजीची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. दुष्काळातून उचलून तिला केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आणलं तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. तुझी आजी सांगायची, पहिले कित्येक दिवस तिला भाकरी दिली नाही. पातळ पेज, तीही थोडी थोडी. ती रडायची, भाकरी मागायची. पण उपाशी आतड्याला एकदम जेवण सोसत नाही, हे तिथे माहीत होतं. का नसावं? खुद्द रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण दुष्काळातच गेले. रानातला पाला खाऊन दिवस काढलेली बाई ती. तिनेच पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या थोडं शिकलेल्या बायांना कळावं म्हणून सबंध बायबल मराठीत आणलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या आणि १९२४ साली ते मुक्तीच्याच छापखान्यात छापून निघालं. पणजी लग्नाआधी त्या छापखान्यात खिळे जुळवायची. ते भाषांतर मंडळ्यांत फारसं रुळलं नाही. मूळ शब्दाला इतकं चिकटून आहे की कधीकधी वाक्य लंगडतं. पण जिने भूक पाहिली होती तिचा हात त्यावरून फिरलाय, हे वाचताना जाणवतं. का मलाच जाणवतं, कोण जाणे.

तेव्हा तूही पेजेने सुरू कर. रात्री बाळ पाजायला उठतेस ना, तेव्हा एक ओळ, फार तर दोन. मोठ्याने नको, पुटपुटत. पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन करणाऱ्याचं सांगितलंय, तिथला हिब्रू शब्द असाच पुटपुटण्याचा आहे. यशयात तोच शब्द शिकार पुढ्यात घेऊन गुरगुरणाऱ्या सिंहाला लावलाय. मला सिंह माहीत नाही, गाय माहीत आहे. ती गव्हाणीतलं भराभर पोटात घालते आणि दुपारी लिंबाखाली बसून तेच परत तोंडात आणते. डोळे अर्धे मिटलेले. झोपलीय असंच वाटतं.

सोबत कुरिअरने एक पुडकं पाठवतेय. पणजीच्या बायबलाची शिवण उसवलीय आणि लूकची पानं सुटी झालीत. तेवढीच जुन्या सुती साडीच्या तुकड्यात बांधलीत. कडा चुरतात, जपून उलट. पंधराव्या अध्यायाच्या समासात एक तेलकट डाग आहे, तो म्हातारीच्या बोटाचा. "कुठं लिहिलंय रानात ते दाखवा" म्हणून तिने बोट ठेवलं होतं. वाचता येत नव्हतं तरी.

कालवड आता दोरी तोडते. चीक वासराला पुरून उरला तेवढा डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवलाय. शेजारणीने दोनदा मागितला, दिला नाही. नाताळाला आलात की खरवस करीन. दादाला म्हणावं, तुझ्या गुडघ्याला गोठ्याचं काम हेच औषध आहे.

आणि ती पानं बाळाच्या हाती लागू देऊ नकोस. या वयात जे सापडेल ते तोंडात जातं.

तुझी,
आत्या