शोसान्जीचा चढ

कामियामा, तोकुशिमा (शिकोकू बेट, जपान)

ती. नाना व आई यांस,


शिकोकूची प्रदक्षिणा 88 देवळांची, सुमारे 1,200 किलोमीटरची. पायी करणाऱ्याला दीड महिना लागतो. अकरावे देऊळ फुजिइदेरा आणि बारावे शोसान्जी यांत अंतर जेमतेम 13 किलोमीटर, पण धडधाकट माणूससुद्धा सहा तास धरूनच निघतो. कितीतरी जणांची यात्रा याच चढाने मोडते, म्हणून पुढच्या वाटेची खरी परीक्षा इथेच.

यात्रेकरूचा वेष ठरलेला: पांढरा अंगरखा, गवती टोपी, हातात काठी. पूर्वी कुणी वाटेतच गेला, तर तोच अंगरखा कफन व्हायचा आणि काठी थडग्यावर खूण म्हणून रोवायचे. काठी म्हणजे साक्षात कोबो दाइशी (774–835), शिंगोन बौद्ध पंथाचे संस्थापक. मुक्कामाला पोचल्यावर आधी काठीचे टोक धुवायचे, मग स्वतःचे पाय. पुलावर काठी टेकवत नाहीत. दाइशींनी एकदा पुलाखाली रात्र काढली होती, त्यांची झोप मोडू नये! आपल्या वारीत लाखो माणसांचा रेटा पाठीशी असतो. इथे माणूस बहुधा एकटा चालतो, पण दाइशी सोबत आहेत, हे तो मनापासून मानतो.

वाट फुजिइदेराच्या आवारातूनच सुरू होते आणि लगेच उभी चढते. दोन्ही बाजूंना सुगीची, म्हणजे जपानी देवदाराची, सरळसोट झाडी. मध्ये चोदो-आन, र्‍यूसुइ-आन ही विसाव्याची लहान देवस्थाने. जोरेन-आनला, सुमारे 745 मीटरवर, प्रचंड सुगी वृक्षाखाली दाइशींचा भव्य पुतळा उभा आहे. दमलेला माणूस तिथे पोचतो, हात जोडतो आणि त्याला वाटते, झाले. मग वाट घसरत 400 मीटरपर्यंत खाली एका वाडीत उतरते आणि शेवटचे 300 मीटर पुन्हा चढवते. पायांपेक्षा मनाला हा उतारच जड जातो.

शोसान्जीचे मुख्य दैवत आकाशगर्भ बोधिसत्त्व. देवळापुढे यात्रेकरू प्रज्ञापारमिताहृदय सूत्र म्हणतात. शेवटचा मंत्र जपानी उच्चारातही संस्कृतच राहिला आहे. यात्रेच्या वहीत मिळणाऱ्या लाल शिक्क्यांवर सिद्धम् लिपीतली बीजाक्षरे असतात. आपल्या नागरीची ही जुनी नातलग भारतात विस्मरणात गेली आणि या डोंगरावर रोज उमटते. नाना, हे पाहायला तुम्ही इथे हवे होतात.

देवळाच्या खाली उतरताना जोशिन-आन लागते. एमोन साबुरो या श्रीमंत माणसाची कथा तिथे संपते. दारी आलेल्या भिक्षूला त्याने हाकलले, त्याचे भिक्षापात्र फोडले. पुढे त्याचे आठही मुलगे गेले. तो भिक्षू म्हणजे दाइशीच, हे उमगल्यावर त्यांची क्षमा मागायला तो 20 वेळा बेटाभोवती फिरला. एकविसाव्या वेळी उलट दिशेने निघाला आणि इथे, मरणाच्या घटकेला, दाइशी भेटले. लीप वर्षात बरेच जण प्रदक्षिणा उलटी करतात, ते याच कथेवरून.

दान नाकारणाऱ्याच्या या गोष्टीभोवती अख्ख्या बेटाने देण्याची रीत जपली आहे. तिला ओसेत्ताइ म्हणतात. वाटेवरची माणसे अनोळखी यात्रेकरूला संत्री देतात, चहा देतात, कधी हातावर नाणी ठेवतात. ते नाकारायचे नसते. बदल्यात आपल्या नावाची चिठ्ठी द्यायची. पहिल्या चार फेऱ्यांपर्यंत चिठ्ठी पांढरी, पन्नाशी गाठलेल्याची सोनेरी, शंभरी गाठलेल्याची जरीची. ही वाट टिकली ती देवळांइतकीच या देणाऱ्या हातांमुळे.

तुमच्या दिंडीतल्या कुणाला यायचे असेल, तर मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर गाठावा. फुजिइदेराहून सकाळी सातच्या आत निघावे आणि खाणे-पाणी बरोबर घ्यावे. मध्ये एकही दुकान नाही आणि शोसान्जीत शिक्का देणारी खिडकी संध्याकाळी पाचला बंद होते.